पडद्यावरची मासोळी, काठावरचा ढिवर

१९८० साली अमेरिकेत अटारी २६०० या घरगुती खेळयंत्रासाठी ‘फिशिंग डर्बी’ नावाची कॅसेट विक्रीला आली. टीव्हीच्या पडद्यावर समोरासमोर दोन धक्के, दोन्हींवर गळ टाकून बसलेला एकेक माणूस, मध्ये निळे पाणी आणि पाण्यात माशांच्या सहा रांगा. वरच्या रांगांतला मासा दोन पौंडांचा, मधल्या रांगांतला चार, तळाचा सहा. आधी ९९ पौंड मासळी वर काढील तो जिंकला. पाण्याच्या वरच्या थरात एक शार्क सारख्या येरझारा घालतो आणि गळाला लागून वर येणारा मासा तावडीत सापडला की तो पळवतो. खेळ एवढाच. ज्या यंत्रावर तो चालायचा त्याची कामाची स्मृती होती १२८ बाइट. या लेखातले एखादे लांब वाक्यसुद्धा तिच्यात धड मावले नसते. तरीही खोल पाण्यातला मोठा मासा धरावा की वरचा लहान पटकन काढावा, हा मासे धरणाऱ्याचा जुना पेच त्या खेळाने नेमका पकडला होता.

हा खेळ काढणारी कंपनी म्हणजे अॅक्टिव्हिजन. तिचा जन्म कसा झाला हे इथे सांगायलाच हवे. डेव्हिड क्रेन, अॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन हे चौघे अटारीत खेळ लिहीत. त्यांच्या खेळांवर कंपनी गब्बर होत होती, पण त्या खेळांवर त्यांचे नाव नव्हते आणि विक्रीत वाटाही नव्हता. हा प्रश्न त्यांनी वरिष्ठांपुढे नेला तेव्हा, क्रेन यांनी पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे, कारखान्यात जुळणी करणाऱ्या कामगारापेक्षा तुमचे महत्त्व अधिक नाही, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. १९७९ मध्ये ते बाहेर पडले आणि संगीताच्या धंद्यातून आलेल्या जिम लेव्ही यांच्या साथीने त्यांनी स्वतःची कंपनी उभी केली. ‘फिशिंग डर्बी’ हा क्रेन यांचा खेळ, कंपनीच्या अगदी पहिल्या खेळांपैकी एक. सोबतच्या पुस्तिकेत कर्त्याचे नाव ठसठशीत छापलेले होते. आज व्हिडिओ गेमच्या शेवटी शेकडो नावे सरकत जातात, त्या प्रथेचे मूळ या भांडणात आहे.

मासेमारीच्या छंदाचा आपल्या भागातला इतिहास वाचताना हे भांडण मला पुन्हा पुन्हा आठवत राहिले. कारण आपल्याकडे या छंदाची लेखी परंपरा जवळजवळ नऊशे वर्षांची आहे, आणि त्या साऱ्या काळात मासा कुठे असतो, काय खातो, कधी वर येतो हे ज्याला ठाऊक असते त्याचे नाव कुठेच लागलेले नाही. राजाचे लागले, साहेबाचे लागले, शास्त्रज्ञाचे लागले. मासे धरून जगणाऱ्या ढिवराचे राहून गेले.

सुरुवात करावी लागते ती कल्याणीच्या चालुक्यांपासून. आज ज्याला बसवकल्याण म्हणतात त्या, मराठी आणि कानडी मुलखाच्या सीमेवरच्या राजधानीत तिसऱ्या सोमेश्वराने ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. वीस-वीस अध्यायांचे पाच भाग, एकूण शंभर अध्याय. मराठी वाचकाला हा ग्रंथ ठाऊक असतो तो कांडताना ओव्या गाणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायकांच्या उल्लेखामुळे. पण त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींत मल्लांच्या कुस्त्या, कोंबड्यांच्या झुंजी, ससाण्यांकरवी शिकार यांच्या जोडीला ‘मत्स्यविनोद’ नावाचा एक अख्खा अध्याय आहे. समुद्रातले आणि नद्यांतले मासे कोणते, त्यांना कोणते खाद्य घालून एका जागी जमवावे, दोरी कशाची वळावी, काठी कशी असावी, गळ आणि आमिष कसे असावे, मासा ओढू लागला की दोरी कशी सैल सोडावी, हे सगळे त्यात आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या अध्यायावर लेख लिहून जगाचे लक्ष तिकडे वेधले. इंग्रजीतले गळाच्या छंदावरचे जुने ग्रंथ पंधराव्या शतकापासून सुरू होतात. म्हणजे सोमेश्वर त्यांच्या साडेतीनशे वर्षे आधीचा.

या अध्यायातली माहिती राजवाड्यात बसून सुचण्यासारखी नाही. कोणत्या माशाला कोणते पीठ आवडते हे ज्याने सांगितले तो पाण्यात उभा राहणारा माणूस होता, याबद्दल मला शंका नाही. दरबारी ग्रंथाने त्याचे ज्ञान घेतले आणि ते राजाच्या विनोदात जमा केले. त्या काळाच्या रीतीप्रमाणे ते झाले, म्हणून सोमेश्वराला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच आहे की ही रीत नंतर का बदलली नाही.

आता वैनगंगेच्या खोऱ्यात येऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गोंड राजवटीत आणि पुढे भोसल्यांच्या काळात कोहळी समाजाने तलाव बांधले. आज ज्यांना आपण मालगुजारी तलाव म्हणतो त्यांची संख्या सहा-सात हजारांच्या घरात आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे सांगतात. उतार पाहून पाळ घालायची, तुडुमातून पाणी भातात सोडायचे, जादा पाणी सलंगावरून वाहू द्यायचे, ही विद्या कोणत्याही विद्यापीठात शिकवलेली नव्हती. पाणी कोहळ्याने अडवले आणि त्यातला मासा ढिवराने राखला. १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात ढिमर, म्हणजे ढिवर, समाजाविषयी मासेमारीच्या जोडीला पाणी भरणे, पालख्या वाहणे, तलावात शिंगाडा लावणे अशा कामांची नोंद आहे. एकाच तलावात शिंगाड्याचा वेल, मासा आणि झिंगे यांचा मेळ घालणारा हा समाज म्हणजे त्या पाण्याचा खरा कारभारी होता.

नागपूर शहरही तलावांचेच. गोंड राजा चांद सुलतानाच्या काळातला जुम्मा तलाव, ज्याला आपण आधी शुक्रवारी आणि आता गांधीसागर म्हणतो. भोसल्यांचे तेलंगखेडी, म्हणजे फुटाळा, आणि सोनेगाव. १८७० च्या सुमारास नगरपालिकेने पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला अंबाझरी. पुढे गोरेवाडा. इंग्रजांनी १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि हे शहर त्याची राजधानी. मग शिकारी साहेब आले. कॅप्टन फोर्सिथ यांचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे पुस्तक १८७१ चे, आणि दोनच वर्षांनी, १८७३ मध्ये, मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’. गळ घेऊन हिंदुस्थानात हिंडणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याचा हा मार्गदर्शक ग्रंथ ठरला. महासीर हा मासा सामनपेक्षाही कडवी झुंज देतो, हे त्यांचे मत आजही गळाचे शौकीन अभिमानाने सांगतात. १८८७ मध्ये त्यांनी खास तलावांतल्या मासेमारीवर दुसरे पुस्तक लिहिले, ‘टँक अँगलिंग इन इंडिया’. आपल्या तलावांवर त्या छंदाचे पुस्तक झाले, आणि ते झाले ते काठाशी खुर्ची टाकून बसणाऱ्यासाठी.

त्याही आधी, १८३९ च्या सुमारास, कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महासीरला त्यांनी शास्त्रीय नाव दिले ‘खुद्री’. शिवाय ‘कोलस’, ‘मुल्या’, ‘नुक्ता’ अशीही नावे त्यांनी दिली. ही नदीकाठच्या भोयांच्या तोंडची नावे आहेत हे कोणालाही कळेल. नियमाप्रमाणे त्या प्रत्येक नावापुढे आजही साइक्स आणि १८३९ असे लिहितात. सांगणारा भोई त्या ओळीत नाही. १८९७ मध्ये मत्स्यविषयक कायदा आला. सुरुंगाने आणि विष कालवून मासे मारण्यावर त्याने बंदी घातली, आणि ती योग्यच होती. पण कायद्याच्या आणि पुस्तकाच्या या जगात ढिवर हा नियमन करायचा विषय झाला. ज्याला विचारावे असा जाणकार तो राहिला नाही. ही दृष्टी स्वातंत्र्यानंतरही फारशी बदलली नाही. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पाळीची देखभाल करणारा कोणी उरला नाही, गाळ साचला. मासेमारीसाठी सहकारी संस्था आल्या, आणि त्यांच्यासोबत गंगेच्या खोऱ्यातले रोहू, कतला, मृगळ यांचे बीज आले. उत्पन्न वाढले, हे खरे. मरळ, शिंगी, मागूर, शिवडा, वाम यांच्याकडे कोणाचे लक्ष राहिले नाही, हेही तितकेच खरे. १९५२ मध्ये देशात आणलेला तिलापिया अशा पाण्यात फोफावला, आणि बंदी असलेला थाई मागूर आजही चोरवाटेने तलावांत येतो.

एक अपवाद नोंदवायला हवा. राज्याच्या मत्स्यविभागाचे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्याजवळ टाटांच्या वळवण तलावाकाठी दख्खनी महासीरच्या अंड्यांचा आणि पिल्लांचा अभ्यास केला. त्यातून महासीरचे कृत्रिम प्रजनन शक्य झाले आणि लाखो पिल्ले देशभरच्या पाण्यात गेली. ज्या माशाच्या झुंजीवर साहेबांनी पुस्तके लिहिली, तो वाचवण्याची खटपट मराठी शास्त्रज्ञाने केली.

यानंतरच्या वर्षांत तिकडे जपानमध्ये मासे धरण्याचा छंद पडद्यावर चढत होता. त्या देशाची गोष्ट आपण नीट ऐकावी अशी आहे. ब्लॅक बास हा अमेरिकेचा मासा. आकाबोशी तेत्सुमा या उद्योगपतीने १९२५ मध्ये तो आशी सरोवरात सोडला. अर्धशतक तो फारसा पसरला नाही. १९७३ ते १९८३ या काळात यागुची ताकाओ यांची ‘त्सुरिकिची सानपेई’ ही मासेवेड्या पोराची चित्रकथा मुलांच्या साप्ताहिकात चालली आणि एक पिढी गळ घेऊन बाहेर पडली. १९७४ मध्ये बास बिवा सरोवरात सापडला. १९८३ मध्ये निन्टेन्डोचे फॅमिकॉम यंत्र आले आणि १९८७ मध्ये हॉट-बी कंपनीने त्यावर ‘द ब्लॅक बास’ हा खेळ काढला. ‘फिशिंग डर्बी’त सहा सरळ रांगा होत्या. इथे सरोवराचा नकाशा आला, दिवसाची वेळ आली, ऊन-पाऊस आला, कृत्रिम आमिषांची पेटी आली. कोणत्या हवेत कोणते आमिष किती खोल सोडायचे, हे ज्ञान खेळाचा गाभा झाले. १९९० मध्ये पॅक-इन-व्हिडिओचा ‘कावा नो नुशी त्सुरी’ आला. त्यात नदीचा धनी मानलेल्या दंतकथेतल्या माशाचा माग काढत काठाकाठाने हिंडायचे. माझ्या मते गळाच्या साऱ्या खेळांत हीच कल्पना सर्वांत समृद्ध. तिने पाण्याला काठ दिला, आणि काठाला गाव.

१९९७ हे वर्ष तर या छंदाच्या कळसाचे. सेगाने जपानच्या खेळघरांत ‘गेट बास’ हे यंत्र आणले. समोर मोठा पडदा, हातात खरी वाटावी अशी काठी आणि गरगर फिरवायची रीळ, आणि मासा ओढू लागला की ताण. दोन वर्षांनी तो खेळ ड्रीमकास्टवर आला. त्यासाठी हातात धरायचा वेगळा गळही विकायला आला. त्याच १९९७ मध्ये ‘मदर’ या गाजलेल्या खेळाचे कर्ते इतोई शिगेसातो यांनी स्वतःच्या नावाचा बास-मासेमारीचा खेळ काढला. जाहिरात-लेखक म्हणून जपानभर माहीत असलेल्या माणसाचे नाव माशाच्या खेळाच्या शीर्षकात! क्रेन आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेली नावाची लढाई किती पुढे निघून गेली होती, हे यावरून कळते.

त्याच वर्षी, मार्च १९९७ मध्ये, दिल्लीत सर्वोच्च न्यायालय नागपूरच्या उत्तरेकडच्या एका जलाशयातल्या मासेमारीवर निकाल देत होते. पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाचे पाणी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवर, दोन्हीकडच्या राष्ट्रीय उद्यानांच्या मधोमध पसरलेले आहे. मध्य प्रदेश सरकारने उद्यानामुळे जुने हक्क गमावलेल्या ३०५ आदिवासी कुटुंबांना त्या जलाशयात मासे धरण्याचे परवाने दिले होते. वन्यजीवांना यापासून धोका आहे म्हणून एक संस्था न्यायालयात गेली. न्यायालयाने पोटाचा प्रश्न आणि जंगलाचा प्रश्न दोन्ही तोलले आणि परवाने कडक अटींसह कायम ठेवले. परवानाधारकाकडे छायाचित्राचे ओळखपत्र हवे आणि हक्क दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही, अशा त्या अटी. पेंच हेच नागपूरच्या नळाचे मुख्य उगमस्थान आहे. आपण त्याच पाण्याच्या जोरावर जगतो, म्हणून हा निकाल आपल्या शहराच्या इतिहासाचा भाग आहे. एकाच वर्षी जगाच्या एका टोकाला मासे धरण्याचा आनंद प्लास्टिकच्या काठीत बसवून विकला जात होता, आणि दुसऱ्या टोकाला ३०५ कुटुंबे आपल्या गळाचा आणि जाळ्याचा हक्क वकिलांमार्फत मागत होती. या दोन घटना शेजारी ठेवल्याखेरीज गळाच्या खेळाचा इतिहास पुरा होत नाही, असे माझे म्हणणे आहे.

त्या वेळी नागपूरची पोरे काय खेळत होती? नव्वदच्या दशकात बर्डीच्या दुकानांतून ‘टीव्ही गेम’ घरोघरी गेले. समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी त्यांची नावे. आतून बहुतेक फॅमिकॉमची नक्कल. मूळ जपानी यंत्र परवडणारे नव्हते आणि इथे सरळ मिळतही नव्हते. पिवळ्या-काळ्या कॅसेटी, ‘इतके हजार खेळ एकात’ असे लिहिलेल्या, आणि उघडल्या की तेच चार-पाच खेळ फिरून फिरून. मारिओ, कॉन्ट्रा, आणि पडद्यावर बंदूक रोखून बदके पाडायचा ‘डक हंट’. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या देशात शिकारीच्या छंदाला आळा बसला. वीस वर्षांनी धरमपेठेतल्या आणि महालातल्या दिवाणखान्यांत पोरे टीव्हीवरची बदके टिपू लागली. त्यात गैर काहीच नव्हते. त्या पिढीची बोटे त्या यंत्रांवर तरबेज झाली आणि आज तिच्यातले कित्येक पुण्या-बंगळुरूत संगणकावर पोट भरतात. माझी खंत निराळी आहे. फुटाळ्याच्या काठापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या मुलांना शेजारच्या पाण्यात कोणता मासा आहे हे कधी कळले नाही. त्यांच्या पडद्यावर आलेले प्रत्येक पाणी दुसऱ्या देशाचे होते.

जपानची पुढची गोष्टही ऐका, कारण तिच्यात आपल्याला इशारा आहे. बासच्या छंदाला चित्रकथेने, वाहिन्यांनी आणि खेळांनी जो जोर दिला त्यात तो मासा तळ्यातळ्यांत पोचला. शौकिनांनी तो गुपचूप नेऊन सोडला. बिवा सरोवरातल्या देशी माशांना त्याने खाऊन खाऊन कमी केले. ज्या निगोरोबुना माशापासून तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची ‘फुनाझुशी’ बनते तोही त्यात आला. २००३ मध्ये शिगा प्रांताने असा परदेशी मासा धरून परत पाण्यात सोडण्यावर बंदी घातली. काठावर पेट्या ठेवल्या, मासा त्यांत टाका असे सांगितले. परक्या प्रजातींविषयीचा राष्ट्रीय कायदा २००४ मध्ये संमत झाला आणि शौकिनांचा मोठा विरोध पत्करून २००५ मध्ये बासचे नाव त्यात घातले गेले. यात सारा दोष खेळांचा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्या खेळांत मासा होता, आमिष होते, हवामान होते, आणि जाळे टाकून त्या सरोवरावर जगणारा बिवाचा मच्छीमार नव्हता. तो असता तर बास काय खातो हे त्याने खेळणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितले असते. जाणत्या माणसाला चित्राबाहेर ठेवले की पाण्याचीही हानी होते. विदर्भाच्या तलावांतही हेच घडले, फक्त इथे पडद्याच्या जागी बीज वाटपाचे तक्ते होते.

हे उलटवता येते याचे पुरावे आपल्या हाताशी आहेत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने गेल्या काही दशकांत ढिवर समाजाच्या जाणत्यांना विचारून तलावांतले देशी मासे आणि पाणवनस्पती यांची नोंद केली. तळाशी कोणती वनस्पती असली तर कोणता मासा अंडी घालतो हे त्यांनी सांगितले, मंडळाने लिहून घेतले, आणि ढिवर बायांनी तलावात उतरून बेशरम ही वनस्पती उपटली आणि देशी वनस्पती लावल्या. जिथे हे काम झाले तिथे देशी मासा परतला. दुसरे उदाहरण मारुती चितमपल्ली यांचे. नवेगावबांधच्या वास्तव्यात पाणी आणि पाखरे यांचे शिक्षण आपल्याला माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून मिळाले हे त्यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’मध्ये आणि इतरत्र मोकळेपणाने लिहिले. गुरूचे नाव घेऊन लिहिणारा हा लेखक २०२५ मध्ये गेला. मराठी निसर्गलेखनाला त्याने घालून दिलेला हा पायंडा, मला वाटते, त्याच्या कोशांइतकाच मोलाचा आहे.

खेळांच्या जगातही वाट पडलेली आहे. २०१४ मध्ये अलास्कातल्या एका आदिवासी परिषदेने इन्युपिआक लोकांना आणि एका खेळ-कंपनीला सोबत घेऊन ‘नेव्हर अलोन’ हा खेळ काढला. गोष्ट इन्युपिआकांची, निवेदन त्यांच्या भाषेत, आणि गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मुलाखती खेळातच गुंफलेल्या. परिषद त्या धंद्यात गुंतवणूकदार म्हणून उतरली होती, हे सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ जगापुढे नेला आणि महाराष्ट्रात बसून उत्तम खेळ घडवता येतो हे दाखवले. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरणही मंजूर केले. पैसा येईल. तो मुंबई-पुण्यात थांबेल की वैनगंगेपर्यंत पोचेल, हे आपल्या मागणीवर ठरेल. २०२३ मध्ये पापलेट राज्याचा मासा झाला. ठीक आहे, कोकणचा तो मान आहे. पण गोड्या पाण्यातल्या विदर्भाने मरळीसाठी कधी आवाज उठवल्याचे मला दिसले नाही.

विदर्भाच्या तलावाचा खेळ कसा असेल? मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्याला उलटे चढणारे मासे, आणि त्या वेळी हात आवरण्याचा नियम. पाण्याच्या वरच्या थरात तांबूस पिल्लांचा थवा आणि त्याखाली राखण करणारी मरळ. तिला धरले तर पुढच्या साली तलाव रिकामा, हे गुणांच्या हिशेबातच बसवलेले. पावसाळा सरला की शिंगाडा. थंडीत नवेगावला उतरणारी पाखरे. उन्हाळ्यात आटलेल्या चिखलात हवेवर श्वास घेत तग धरणारे मागूर आणि शिंगी. पाळ फुटली तर काय होते, सलंग बुजवला तर काय होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले तेव्हा नागपूरकरांनी हा धडा अंगावर घेतला. खेळात तो कोणाचा संसार न बुडवता शिकता येईल. आणि त्यात ९९ पौंडांची शर्यत नसेल. वर्ष सरता-सरता तलावात किती जाती शिल्लक आहेत त्यावर हार-जीत ठरेल.

असा खेळ काढायला लागणारे सारे या शहरात आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ २००० पासून नागपुरात आहे, त्याचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय तेलंगखेडीला फुटाळ्याच्या शेजारी आहे. संगणकशास्त्र शिकवणारी व्हीएनआयटी दक्षिण अंबाझरी रस्त्यावर आहे. भंडारा-गोंदियाच्या ढिवर संस्था काही तासांच्या अंतरावर आहेत. विद्यापीठाच्या कुलगुरूंना आणि व्हीएनआयटीच्या संचालकांना माझी विनंती आहे: येत्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांची एक तुकडी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडे पाठवा, ढिवर संस्थांच्या अध्यक्षांना अध्यापकाचे मानधन देऊन शिकवायला बोलवा, आणि संगणकावर पहिली ओळ लिहिण्याआधी एक करार करा. उत्पन्नात त्या संस्थांचा वाटा किती, हे त्या करारात टक्केवारीत लिहिलेले असले पाहिजे.